स्थिर म्हणजे किती

डिसेंबरात तार्तूला साडेतीनलाच अंधार पडतो.
केर्लीच्या टेबलावर टर्मिनलची काळी खिडकी,
कुणाचा तरी प्रोग्राम बांधला जातोय,
चाळीस हजार ओळी
पोत्याला भोक पडल्यासारख्या सांडतायत.

खिडकी अडखळते.
थांबते, दचकते, पुन्हा धावते.

दोष केर्लीचाच.
मागच्या वसंतात तिनंच खिडकीला शिकवलं
पत्ते ओळखायला:
एच, टी, टी, पी, दोन टिंबं, दोन तिरक्या रेघा
आणि पुढं मोकळी जागा येईपर्यंत सगळं.
सापडलं की खाली रेघ ओढ,
क्लिक केलं की दार उघड.

पण वाक्याच्या शेवटचा पूर्णविराम
पत्त्याचा की वाक्याचा?
कंस पत्त्याच्या आत उघडला आणि अगदी टोकाला मिटला,
तर तो कुणाच्या घरचा?
ओळ काठावर आपटून मोडली,
अर्धा पत्ता वर, अर्धा खाली,
तर दोन्ही एकाच अंगाचे हे कशावरून ओळखायचं?
यात तिचा एप्रिल गेला. मेही.

आणि आता सेकंदाला साठ वेळा
खिडकी प्रत्येक ओळ चाचपून बघते,
कुणी बघत असो, नसो.
काखेत कळसा, गावाला वळसा.

केर्लीनं काळ्या पावाला लोणी लावलं,
खायचं विसरली,
वळसा खोडला.
आता शोध फक्त बाणाखालच्या ओळीत,
तोही बाण दशांश सेकंद निश्चल राहिला तर.
चाळीस हजार ओळी सरकन वाहून गेल्या.
संगणकाचा पंखा गप्प झाला.

नवव्या दिवशी कल्यू सारापूचं पत्र.
वय एक्याऐंशी. जन्मभर एमायोगीची पातळी मोजली,
निवृत्त झाल्यावरही मोजतो.
दर तासाला एक ओळ: वेळ, सेंटिमीटर,
शेवटी आलेखाचा पत्ता.
‘माझे पत्ते विझले,’ त्यानं लिहिलं होतं.
‘नदी गोठते हे मी समजू शकतो. पत्ते का?’

केर्लीकडे सगळं चालत होतं.
तिनं तीनदा तपासलं, मग बस पकडली.

स्वयंपाकघरात, बडीशेपेच्या वासात,
त्यानं माऊसवर हात ठेवला.
बाण बरोब्बर पत्त्यावर गेला
आणि हलत राहिला,
दोन ठिपके डावीकडे, एक उजवीकडे, पुन्हा दोन.
मनगट टेबलाला टेकलेलं, तरी.
‘सकाळी जरा बरं असतं,’ कल्यू पडद्याला म्हणाला.

दशांश सेकंद.
गोल आकडा म्हणून तिनं तो निवडला होता.
या घरात इतका निश्चल दशांश सेकंद
चार वर्षांत उगवला नव्हता.

तिला काही बोलता येईना, म्हणून तिनं विचारलं,
लाटा असताना पातळी कशी मोजायचात?
त्याचा चेहरा उजळला.
काठाशी एक विहीर खणायची, तो म्हणाला,
खालून बारीक नळीनं नदीला जोडायची.
लाटा बाहेरच आपटतात. आत येते फक्त पातळी.
पाणी थांबायची वाट बघत बसलो असतो
तर एकही नोंद झाली नसती.

परतीच्या बसमध्ये, मांडीवर लॅपटॉप,
केर्लीनं अकरा ओळी लिहिल्या.
ठिपके मोजू नकोस.
बाण त्याच ओळीत, त्याच शब्दापाशी घुटमळतोय ना?
मग तो स्थिरच आहे.
वेग तोच राहिला. उलट कणभर वाढला,
का ते तिला दोन दिवसांनी कळलं.

कल्यूचं उत्तर सकाळी सातचं:
‘एकशे बारा सेंटिमीटर. बर्फाखाली वाहतेय.
रेघ उमटते, दार उघडतं.
शेवटचा कंस मात्र
अजून बाहेरच राहतो, बघा.’